कांदळाआडचा बांध

मी बांध बोलतोय. मालगुंडच्या अलीकडे, खाडीकाठी पडलेली ही मातीची रांग कुणाच्या नजरेत भरत नाही. पण मी आहे म्हणून वाडीच्या कुणग्यांत, खाडीलगतच्या त्या खाचरांत, भात पिकतं.

वाडीतल्या भागोजीने मला चिखल, पेंढा आणि जांभ्याचे चिरे घालून उभं केलं. उधाणाचं पाणी तेव्हा जिथवर चढे, तिथे खूण म्हणून एक चिरा बसवला. तो आता दर भादव्यात बुडतो. समुद्र चढतोय हे मला कुणी शिकवायला नको, मी तो अंगावर घेतो. खरा मार मात्र माझ्यापुढची कांदळं, खारफुटीची ती झाडं, खायची. त्यांची फांदी मोडायची नाही, ही भागोजीची ताकीद होती.

तो गेला आणि शहाऐंशी साली गणपतीला मुंबईहून आलेला त्याचा धाकटा मुलगा, बाबू, शहाणा झाला. विसर्जनाला मूर्ती फांद्या चुकवत न्यावी लागते, हे त्याला शोभेना. त्याने कांदळातून गाडीवाट तोडली. त्याची वहिनी तुळसा एवढंच म्हणाली, "भावोजी, देवाला वाट केलीत. पन त्याच वाटेनं पानी येल." त्याने ते हसण्यावारी नेलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, उधाणाची. दुपारी भरती त्या वाटेने थेट माझ्या छातीवर आली. मी भ्यालो, कबूल करतो. कुर्लीने, त्या खेकडीने, माझ्यात पोखरलेल्या बिळातून पाणी शिरलं आणि हां हां म्हणता खिंडार पडलं. आत तुळसाचा कुणगा, मागे साऱ्या वाडीची जमीन. खारं पाणी भरलं की तीन-चार वर्षं काडी उगवत नाही. बाबू पेंढा शोधत धावला, पण तो गुरांनी कधीच संपवलेला.

तुळसा फावडं घेऊन स्वतःच्या उभ्या भातात शिरली. मातीसकट गड्डे काढू लागली. "बगत काय ऱ्हायलाव? भात परत लावता येल. भरा खिंडार."

तिचं अर्धं पीक माझ्या पोटात गेलं. ओहोटी लागेपर्यंत बाबू खिंडाराला पाठ लावून उभा होता आणि रडत होता. वाडी वाचली.

त्या साली तुळसाची चूल शेजाऱ्यांच्या तांदळावर पेटली.  तेव्हापासून विसर्जन झालं की बाबू चिखलात उतरून त्या वाटेत कांदळाच्या शेंगा रोवतो आणि मगच एस.टी. पकडतो.

आज रोपं त्याच्या कमरेला लागली आहेत. उद्या पुन्हा पौर्णिमा. तुळसा आत्ताच माझ्यातली बिळं बुजवून गेली. मला उंच करा, असं मी मागत नाही. माझ्यापुढे कुणाला तरी उभं राहू द्या. एकट्याने मला समुद्र पेलत नाही.