अंगठ्याआडचा टँकर

ठाण्यातल्या फौजदारांना सगळे पाठीमागे 'अंगठेमास्तर' म्हणत. घातक मालाची गाडी उलटली तर पोलिसानं काय करायचं, हे शिकवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. दुसरा कुणी कुरकुरला असता, पण यांनी ते हारासारखं मिरवलं. वर्ग सुरू झाला की उजवा हात ताठ पुढे, अंगठा उभा, एक डोळा बंद. "सगळा अपघात या अंगठ्याआड झाकला गेला पाहिजे. जरा जरी बाहेर डोकावला तर तुम्ही फार जवळ आहात. मागं सरा. वारा पाठीवर घ्या. आणि शौर्याची खाज सुटली असेल तर घरी जाऊन खाजवा."

वर्ग हसायचा. सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो त्यांचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, त्याच ठाण्यातला शिपाई. ठाण्यात तो त्यांना सलाम ठोकायचा आणि घरी जेवायला बसला की मिठाचं भांडं अंगठ्याआड धरून म्हणायचा, "दादा, मीठ सुरक्षित अंतरावर आहे. पुढं सरकवू का?" बहिणीला हसता हसता ठसका लागायचा. फौजदार तोंडदेखले चिडायचे, पण पाठच्या भावावर करावी तशी त्यांची त्याच्यावर माया होती.

त्या दुपारी कालव्याच्या पुलापलीकडे टँकर उलटला. गस्तीवर असलेला मेहुणा तिथं पहिला पोचला, आणि त्यानं जे केलं ते नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते कुणीच लक्षात ठेवलं नाही. त्यानं मोटारसायकल पुलाच्या अलीकडेच उभी केली, वारा पाठीवर घेतला, अंगठा धरला आणि वायरलेसवर सांगितलं, "साहेब, टँकर आडवा पडलाय. काहीतरी गळतंय. अंगठ्याआड पूर्ण झाकला जातोय. मी लांब आहे."

"शाब्बास," ठाण्यातून फौजदार म्हणाले. "नंबर काय गाडीचा?"

"इथून दिसत नाही. पाटीवर चिखल आहे."

आता पोलिसाचं असं असतं, की गाडी म्हटली की त्याला आधी नंबर लागतो. गाडी चोरीची असो, लग्नाची असो की जळत असो, नंबर नसेल तर ती गाडीच नव्हे. दुसऱ्या फोनवर नियंत्रण कक्षातला माणूस उंटावरून शेळ्या हाकत होता: "नंबर द्या, नंबराशिवाय नोंद होत नाही."

"अहो, नंबर सांगा ना!" फौजदार वायरलेसवर खेकसले.

"साहेब, जवळ जावं लागेल."

"मग बघा की जाऊन! नंबर, नंबर सांगा आधी!"

"बरं," मेहुणा म्हणाला. पुढं वायरलेस गप्प झाला.

फौजदार जीप घेऊन पुलापाशी पोचले तेव्हा मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. हात सवयीनं चालले. त्यांनी दोर बांधला, लोकांना मागे रेटलं, बसगाड्या वळवल्या. गर्दी काय, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी; फोन उंच धरून उभी होती.

तेवढ्यात टँकरच्या बाजूनं मेहुणा चालत आला. वर्दी छातीपासून खाली चिंब भिजलेली होती. पाटीवरचा चिखल पुसताना टँकरमधून गळणारा माल त्याच्या अंगावर सांडला होता आणि वायरलेस हातातून निसटून त्यातच पडला होता, म्हणून तो नंबर सांगायला स्वतः येत होता.

"थांबा!" फौजदार ओरडले. "भावोजी, तिथंच थांबा! दोराजवळ येऊ नका!"

तो थांबला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, भर दुपारी डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. कीटकनाशक. फौजदारांनी ही लक्षणं फळ्यावर कितीदा लिहिली होती. भिजलेला माणूस धुतल्याशिवाय दोराच्या अलीकडे येऊ द्यायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, हेही त्यांनीच लिहिलं होतं.

"कपडे काढा," ते म्हणाले. "सगळे. लवकर."

मेहुण्यानं बटणांशी झटापट केली. बोटं ऐकेनात. गर्दीतून कुणीतरी शिट्टी वाजवली. फौजदारांनी पाण्याच्या बाटल्या दोरापलीकडे फेकल्या, पण झाकणं फिरवण्याइतकीही ताकद त्याच्या बोटांत उरली नव्हती. त्यानं एक बाटली दातांत धरली आणि त्याला उलटी झाली.

बहीण तेव्हा आली. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात ती काम करायची. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. तिनं बाटली उचलली, झाकण उघडलं आणि दोराखाली वाकली. फौजदारांनी तिला दंडाला धरून ओढलं.

"दादा, पाणीच द्यायचंय फक्त!"

"तूही मरशील."

"मरू दे! सोड!"

तिनं त्यांच्या उजव्या अंगठ्याला कडाडून चावा घेतला. दात हाडापर्यंत गेले. त्यांनी काठी उचलली आणि बहिणीच्या नडगीवर हाणली. लहानपणी तिला ठेच लागली तर दगडाला मारणारा हा भाऊ. ती खाली बसली आणि मग उठली नाही, नुसती बघत राहिली.

मेहुणा गुडघ्यांवर आला होता. अर्धी वर्दी उतरलेली, अर्धी तशीच. त्यानं मान वर केली आणि घोगऱ्या आवाजात एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. "साहेब, घ्या," तो म्हणाला. "नंबर." शेवटचे दोन आकडे कुणालाच ऐकू आले नाहीत.

वरातीमागून घोडं यावं तसा अग्निशमन दलाचा बंब आला. त्यांना एका बसवाल्यानं फोन केला होता. त्यांच्या प्रमुखानं जीपशेजारी उभं राहून दुर्बीण लावली आणि टँकरच्या कुशीवरची नारिंगी पाटी वाचली. माल कोणता ते त्याला लगेच कळलं. गाडीचा नंबर त्यानं विचारलाही नाही. मेहुण्याला दोराच्या पलीकडेच धुतलं, पण तेव्हा धुवायला नुसतं शरीर राहिलं होतं.

"नंबर कुणी मागितला होता?" बहिणीनं विचारलं.

फौजदार रुमाल अंगठ्याला गुंडाळत होते. ते नीट गुंडाळत राहिले.

चौकशीतही तोच प्रश्न आला. बहीण समोरच्या बाकावर बसली होती. तिला भावाकडून एकच वाक्य हवं होतं. तेवढं मिळालं असतं तर नवरा हुकमावरून गेला असं ठरलं असतं, त्याला मानवंदना मिळाली असती आणि त्याचा फोटो ठाण्याच्या भिंतीवर लागला असता. फौजदारांनी घसा साफ केला. "शिपाई सूचना न पाळता स्वतःहून आत गेला," ते म्हणाले. बहिणीनं मान खाली घातली नाही. तिनं भावाकडे असं पाहिलं, जसं रस्त्यावर मेलेल्या जनावराकडे बघतात. त्या दिवसापासून तिच्या घराचं दार त्यांना बंद झालं.

फौजदारांना दोर राखल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं.

वर्ग अजून चालतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ते हात ताठ करतात, अंगठा उभा धरतात. त्याच्यावर दातांचा अर्धगोल व्रण आहे आणि नख वाकडं उगवलंय. परवा एका नव्या पोरीनं पहिल्या बाकावरून विचारलं, "सर, ते शिपाई आत का गेले होते? त्यांना नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता," फौजदार म्हणाले. "घाई नडली त्याला."

आणि अंगठा खाली न घेता त्यांनी पुढचा मुद्दा सांगायला घेतला.