चार दिवसांचे ऊन

“काका, हे चार दिवस बघा,” मधुवंतीमॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या आलेखावर पेन्सिलीने एक गोल काढला. “सप्टेंबरातले. सगळीकडे वणव्यांचा धूर, ऊन निम्म्यावर आलेलं, आणि मध्येच हे चार दिवस ऑगस्टसारखे लख्ख. एवढं ऊन आलं कुठून?”

मी आलेख जवळ ओढला. माझाच होता.

“वारा फिरला असणार,” त्याच पुढे म्हणाल्या. “तुमची गोदी पार पश्चिमेला, समुद्राकाठी. तिथे धूर टिकला नसेल. दुसऱ्या कुणाच्याच आकड्यांत हे नाही. काका, तुमच्या प्रबंधातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. मी कालच आमच्या हेडना सांगितलं. यावर आपण दोघं मिळून पेपर लिहू.”

“बघू या,” मी म्हणालो.

माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक डॉ. मधुवंती सबनीस मूळच्या पुण्याच्या, माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. चारचौघांत त्या मला ‘मिस्टर खांबेटे’ म्हणत आणि खोलीत दोघेच असलो की ‘काका’. मी दोन्हीकडे ‘मॅडम’च म्हणे. वीस वर्षे बोटीवर इंजिनिअर म्हणून काढल्यावर मी सिंगापूरच्या एका गोदीत बोटदुरुस्तीच्या कामाला लागलो होतो, आणि चौऱ्याण्णवच्या सुरुवातीला संध्याकाळच्या वर्गांना, शाश्वत ऊर्जा या विषयाच्या एम.एस्सी.ला नाव घातले होते. वाचनाची आवड हे कारण मी सगळ्यांना सांगत असे. खरे कारण गुडघे. गोदीच्या ऑफिसात ऊर्जाबचतीचा नवा विभाग निघणार होता आणि ही पदवी असलेल्याला तिथे बसून करायचे काम मिळणार होते. नाहीतर निवृत्त होईपर्यंत इंजिनरूमच्या शिड्या होत्याच. पदवीची चार वर्षांची मुदत या डिसेंबरात संपत होती.

प्रबंधासाठी मी गोदीच्या कँटीनवर सूर्याच्या उष्णतेने पाणी तापवणारे पॅनेल बसवले होते. रोज चार वेळा गच्चीवर चढायचे, ऊन किती आहे, पाणी किती तापले आहे, ते वहीत लिहायचे. त्या चार दिवसांत मी गच्चीवर चढलोच नव्हतो. बाहेर समुद्रात नांगरलेल्या एका टँकरचा पंप बंद पडला होता आणि मी तिथेच मुक्कामाला होतो. परत आल्यावर वही उघडली आणि चार दिवसांचे रकाने भरून टाकले.

बोटीवर वाढलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही, हे मला नीट सांगता येईल का, याची शंका आहे. चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, दर तासाला तापमाने, दाब, सगळे लॉगबुकात लिहायचे असते. पण कुठे गळती लागलेली असते, कुणी आजारी असतो, समुद्र खवळलेला असतो. मग वॉच संपताना चारही तासांचे आकडे एकदम लिहिले जातात. एक्याऐंशी, ब्याऐंशी, एक्याऐंशी, त्र्याऐंशी. ओळीने एकच आकडा आला तर चीफ ओरडतो. थर्ड इंजिनिअर असताना मी हे शिकलो आणि चांगले शिकलो. त्या चार दिवसांनाही मी ऑगस्टच्या पानांवर नजर टाकून तसेच आकडे दिले. धूर आहे हे मला ठाऊक होते, टँकरवर मी खोकतच होतो. माझ्या हाताला ते ठाऊक नव्हते, असे म्हणावे लागेल.

रविवारी शैलेंद्र आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर जेवायला आला. तो माझ्याबरोबर शिकलेला, अजून बोटीवर चीफ इंजिनिअर होता. बोट इथल्या बंदरात लागली की यायचाच. जेवताना मी सगळे सांगितले. माझी बायको अरुणाही ते प्रथमच ऐकत होती.

शैलेंद्र हसायलाच लागला. “पद्या, एवढंच? अरे, मी बंकवर पडून अख्खा हिंदी महासागर लिहिलाय. मलेरिया झाला होता. मध्ये एक तास इंजिन बंद होतं, त्या तासाचंही तापमान लिहिलं. व्यवस्थित एक्याऐंशी!”

“आणि ते चालवून घेतलं?” अरुणाने विचारले.

“वहिनी, चालवून घ्यायला चीफ लागतो. चीफ मीच होतो.”

“हसू नका हो. ह्यांनी काय करायचं ते सांगा.”

“करायचं काय? मीटर बिघडला होता म्हणायचं, चार दिवस गाळायचे. डिग्री घे आणि एसीत बस बाबा. तुला शिडी चढताना बघवत नाही.”

आमची चैत्राली तेव्हा सतरा वर्षांची होती. ती पुस्तकातून डोके वर न काढता शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, जस्ट डिलीट, लाह. फोर डेज ओन्ली.”

मलाही ते पटले. शैलेंद्र गेल्यावर मी वही घेऊन बसलो. चार दिवसांवर रेघा मारायच्या आणि उठायचे, एवढेच काम होते. पण पाने उलटताना बारा ऑगस्ट समोर आला. त्या दिवशी चार वाजताचा आकडा होता, आणि मला वाटले, त्या वेळी तर मी दाताच्या डॉक्टरकडे होतो.

“अगं, दाताच्या डॉक्टरकडे मी बारा तारखेलाच गेलो होतो ना?”

अरुणाने कॅलेंडर पाहिले. “बाराला. मी बरोबर होते की. का?”

मी पाने चाळू लागलो. मागे गेलो, पुढे आलो. शंभरच्या वर दिवस, दिवसाला चार वेळा. अक्षर सगळीकडे सारखेच सुबक. आकडे सगळीकडे थोडे वर, थोडे खाली, अगदी हवे तसे. गच्चीवर चढून लिहिलेले कुठले आणि खाली बसून लिहिलेले कुठले, ते मला ओळखता येईना.

“अजून आहेत?” अरुणा माझ्या मागे उभी होती.

“असतील.”

“किती?”

“ते सांगता येत नाही.”

तिने वहीची दोन पाने उलटली. मग म्हणाली, “तुमचे गुडघे…” आणि वाक्य तिने तिथेच सोडले.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी विद्यापीठात गेलो. टँकरची हकिकत सांगून झाली तेव्हा मधुवंतीमॅडमनी हातातले पेन खाली ठेवले.

“म्हणजे वारा फिरलाच नव्हता.”

“नाही.”

“हेडना काय सांगू मी आता?” त्यांनी कपाळावर हात घासला. “ठीक आहे. रीडिंग घेतलं नव्हतं असं लिहा. चार दिवस काढून टाकू, काका. बाकीचं पुरेसं आहे.”

“चारच असते तर मी तेच करणार होतो,” मी म्हणालो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. “यातले खरे कुठले, मला सांगता येत नाही.”

त्यांनी एकेक पान उलटले. “किती स्वच्छ वही आहे,” त्या म्हणाल्या. “मी दुसऱ्या विद्यार्थ्यांना दाखवत होते.” मग वही मिटून त्यांनी विचारले, “तुम्ही बोलला नसतात तर मला कधीच कळलं नसतं. का बोललात?”

“लॉगबुक कुणी वाचत नाही, मॅडम,” मी म्हणालो. “पेपर वाचतात. कुणीतरी ह्या आकड्यांवर हिशेब करून एखाद्या हॉस्पिटलवर पॅनेलं बसवेल. धुराच्या दिवसांत तिथे गार पाणी येईल.”

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. मग इंग्रजीत बोलू लागल्या. “मिस्टर खांबेटे, प्रबंध मागे घेत असल्याचं पत्र तुम्हाला द्यावं लागेल. नव्याने रीडिंग घ्यायला मुदत उरलेली नाही. पास झालेल्या विषयांवर डिप्लोमा मिळू शकेल. मी तशी शिफारस करीन.”

“थँक यू, मॅडम.”

पत्र चार ओळींचे झाले. तारीख घालताना मी भिंतीवरचे कॅलेंडर दोनदा पाहिले.

मंगळवार माझ्या वर्गाचा दिवस. चार वर्षे बहुतेक संध्याकाळी वर्गामुळे किंवा कामामुळे मला परतायला साडेदहा होत आणि मी एकटाच वाढून घेई. त्या दिवशी सात वाजता मी दाराची बेल वाजवली. टेबलावर दोन ताटे वाढलेली होती आणि तिसऱ्या खुर्चीवर चैत्रालीचे दप्तर, छत्री, इस्त्रीचे कपडे असा ढीग होता.

“सांगितलंत?” अरुणाने विचारले.

“हो.”

“बरं. हात धुऊन या.”

मी हात धुऊन आलो तेव्हा खुर्ची रिकामी झाली होती. अरुणा आतून तिसरे ताट घेऊन आली. चैत्रालीने मला भात वाढला, वरणाचा डाव उचलला आणि तो तसाच धरून ती थांबली.

“बाबा, तू वरण भातावर घेतोस की वाटीत?”

“भातावर,” मी म्हणालो.

तिने ते सावकाश, भाताच्या मधोमध वाढले.