रडारखालची पाचर

डेल्विन माझे थोरले दीर. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय भावजींना चहा गोड लागत नाही, असं मी वीस वर्षं बोलत आले. आता तोंड आवरते.

नवरा गेल्यावर शेवंडी पकडायची बोट मीच चालवायला लागले. मे महिन्यात नवा रडार घेतला आणि हट्टानं स्वतःच बसवला. ओहोटीला आमच्या धक्क्याशी बोटी चिखलात टेकतात, जराही हलत नाहीत. तीच वेळ गाठून छपरावर चढले, पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आणला नि बोल्ट आवळले. भावजी धक्क्यावरून बघत होते.

"थेल्मा, रडार बोटीला बसवलास की चिखलाला?"

असा संताप आला मला! पण गडी हटेना. चिखलात बोट नाक खाली करून बसते, पाण्यात सरळ होते आणि पळायला लागली की नाक वर काढते. मग तुझा रडार आभाळ बघत बसणार, समोरचं लहानसहान त्याला दिसायचं नाही, हे त्यांनी तीनदा ऐकवलं. भरती आल्यावर स्वतः बोटीवर चढले. मला नेहमीच्या वेगानं बोट पळवायला लावली आणि पाणसळीखाली पत्त्यांच्या कॅटातला एकेक पत्ता सरकवत माप घेतलं. मग माझ्या स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा जाड प्लॅस्टिकचा पाट उचलला. विचारायची पद्धतच नाही! तो तिरका कापून त्याची पाचर रडारच्या मागच्या बाजूखाली बसवली. धक्क्यावर बांधलेल्या बोटीवर रडार मान खाली घालून बसलेला दिसायचा. सगळे हसायचे.

काढून फेकावीशी वाटली मला ती पाचर. पण माझी कोरीन ओहोटीला डार्क हार्बरच्या किनाऱ्याकडे डल्स, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, वेचायला जाते, लाकडी होडीतून. लाकूड रडारला मुळातच अंधूक दिसतं, आणि माझा परतीचा रस्ता तिथूनच. पोरीसाठी म्हणून जीभ चावली आणि राहू दिली.

जूनमध्ये एका सकाळी धुकं असं उतरलं की बोटीचं टोकही दिसेना. मला घरी जायची घाई होती, बोट जोरात होती. पडद्यावर समोर, अगदी जवळ, एक बारीक ठिपका आला. गेला. पुन्हा आला. मी इंजिन उलटं टाकलं. बोट थरथरत थांबली आणि धुक्यातून आवाज आला,

"कुठला आंधळा चालवतोय रे? होडी बुडवतोस की काय माझी?"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुझी आई चालवतेय, कोरीन."

जन्मात इतक्या आनंदानं कुणाच्या शिव्या खाल्ल्या नसतील मी.

सापळे, मासळी सगळं तसंच टाकून भावजींच्या दारात गेले. पोरगी तुमच्यामुळे जिवंत आहे, म्हटलं, आणि रडले. वाटलं, आता टोमणा येणार.

"तीस वर्षं माझा रडार आभाळ बघत होता, थेल्मा," ते म्हणाले. "बोट विकायला काढली तेव्हा कळलं. आणि तू डल्स वेचायचीस तेव्हा मी त्याच रस्त्यानं यायचो. धुक्यातसुद्धा. तुझी होडी मला दिसलीच नसती."

त्यांचा हात धरून मी तिथेच बसले.