अर्पिताचे संदर्भ

अर्पिता हसली की माझं डोकं फिरतं. चारठाण्याची ही मुलगी परभणीच्या कृषी महाविद्यालयात माझ्यासोबतच पीएचडीला लागली, पण सर आधी तिला हाक मारतात, चहाला आधी तिला विचारतात, आणि भर उन्हातून आली तरी तिचा चेहरा टवटवीत असतो. मी आले की भाजलेल्या वांग्यासारखी दिसते.

जोगदंड सर आमचे मार्गदर्शक. हैदराबादच्या एका संस्थेत वर्षभर काम करायची एकच जागा आली, तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं, ज्वारीवरच्या खडखड्या रोगावर आजवर काय संशोधन झालं त्याचा आढावा लिहा. जिचा चांगला, ती जाईल. मला जायचंच होतं. चुडाव्याला घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. हैदराबाद मिळालं तर वर्षभर तरी कुणी तोंड उघडलं नसतं.

मी ग्रंथालयात ठाण मांडलं. आमच्या विभागाची रीतच आहे: सीनियरांचे जाडजूड प्रबंध काढायचे, मागची संदर्भांची पानं उघडायची आणि उतरवून घ्यायची. त्यांनीही त्यांच्या सीनियरांचं तसंच घेतलेलं असतं. मूळ शोधनिबंध कोण शोधत बसतंय? अर्पिता मात्र लॅपटॉपवर एआयला विचारत बसायची.

"काय विचारायलीस गं त्याला?"

"खडखड्यावर कुणी कुणी काम केलंय ते. लय भराभर सांगतंय."

आयत्या पिठावर रेघोट्या! माझा नुसता जळफळाट झाला. पण अस्तित्वातच नसलेले शोधनिबंधही एआय बेधडक ठोकून देतं हे मी ऐकून होते, आणि तेवढ्यानं मला त्या रात्री छान झोप लागली.

आढावे दाखवायच्या दिवशी मी सरांसमोर काडी टाकली. "सर, हिचे संदर्भ एआयनं दिलेत. खरे का खोटे, कुणाला ठाऊक? मूळ निबंध दाखवायला सांगा की."

"दाखव," सर म्हणाले.

तिनं लॅपटॉप उघडला. यादीतला प्रत्येक निबंध त्यात होता, आणि जिथून मुद्दा घेतला ती ओळ रंगवलेली. "एआयनं सांगितलेले काही सापडलेच न्हाईत, सर. काही सापडले, पण ते म्हणत होतं तसं आत काहीच न्हवतं. सगळे काढून टाकले. एआय कशासाठी वापरलं ते पहिल्या पानावर लिहिलंय."

"आता तू दाखव," सर माझ्याकडे वळले.

सरांनी माझ्या आढाव्यातल्या पहिल्याच संदर्भावर बोट ठेवलं. "हा वाचलास?"

"न्हाई सर. पण सगळ्यांच्याच प्रबंधात हाय."

"मलाबी एआयनं सांगितला होता," अर्पिता हळूच म्हणाली. "त्या जर्नलचे त्या वर्षाचे सगळे अंक बघितले, असा निबंधच न्हाई. आपले प्रबंध नेटवर हायेत, तिथूनच उचलला असंल त्यानं."

"मग पहिल्यांदा लिहिला कुणी?" सर तापले.

अर्पिता खाली बघू लागली. तिला ठाऊक होतं. मलाही होतं, कारण मी तो विभागातल्या सगळ्यांत जुन्या प्रबंधातून उतरवला होता.

"तुमी, सर," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या सरांनी तोंडी सांगितला होता," ते म्हणाले. "मी बघितलाच न्हाई." मग चष्मा घालून त्यांनी हैदराबादच्या अर्जावर अर्पिताचं नाव लिहिलं. "जायच्या आधी हिला शिकवून जा. मीबी बसंन."

आता रोज दुपारी मी तिच्या शेजारी बसते. एका निबंधासाठी ती चार ठिकाणी धुंडाळते, लेखकाला मेल टाकते, सापडला की अथपासून इतिपर्यंत वाचते. डोळे लाल होतात तिचे. तिचं काम यंत्र करतंय असं समजून मी मनसोक्त जळत होते. खरं तर ती माझ्या दुप्पट राबत होती, आणि आता हैदराबादला तीच चाललीय. घरी पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत. दोष तरी कुणाला देऊ?