एकशे सतरा उघडी कीर्तनं

फहीमनं माझा मोबाईल हातात घेतला, दोनदा बोट वर ढकललं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घरात एकशे सतरा मांजरं पाळली आहेत.

"बाई, एकशे सतरा टॅब उघडे हैत तुमचे."

"असतील," मी म्हणाले.

फहीम माझ्या अंगणवाडीतला. तीस वर्षं मी वाटूरमध्ये सेविका होते. हा पोरगा तेव्हा खिचडीतले वाटाणे वेचून बाजूला ठेवायचा. आता फाट्यावर त्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि अजून मला बाईच म्हणतो. त्याची बायको महजबीन, शहागडची, बायकांचे मोबाईल बघायला दुपारी दुकानात बसते.

"म्हणूनच अटकून राह्यला ना मोबाईल," फहीम म्हणाला. "सगळे बंद करतो, मंग बघा कसा पळतो."

त्याचा अंगठा खाली यायच्या आत मी मोबाईल ओढून घेतला. काउंटरवरची चार्जरची पेटी आडवी झाली.

कारण सांगायलाच हवं. कीर्तन चालू असताना मधून उठायचं नाही, हे माझ्या आईनं शिकवलेलं. उठावंच लागलं तर बसल्या जागेला हात लावून नमस्कार करायचा आणि काम उरकून परत यायचं. आता मोबाईलवर कीर्तन ऐकताना दूध उतू जायला लागलं, तर ती फुली दाबून कीर्तन बंद कसं करायचं? बोलत्या महाराजांच्या तोंडावर दार लावल्यासारखं ते. म्हणून मी तसंच उघडं ठेवायची. संध्याकाळी परत बसेपर्यंत कुणीतरी नवीन पाठवलेलं असायचं. ते उघडायचं, तर भाजीवाला यायचा. असं करत करत एकशे सतरा झाले.

त्यातल्या एकशे सोळांचं मी एकवेळ सोसलं असतं. पण एक धावड्याचं होतं.

धावडा माझं माहेर. गेल्या सप्त्यात काल्याच्या दिवशी गायकाचा आवाज बसला आणि टाळकऱ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या ह्यांनी, म्हणजे रामकिसन यांनी, चाल उचलली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कीर्तनाच्या वेळी मी मंडपामागं बुंदीच्या कढईपाशी होते. तिथं भट्टीच्या आवाजात शेजारणीचंही ऐकू येत नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई, दोन ओळी म्हणल्या." लग्नाला सदतीस वर्षं झाली, टाळ वाजवताना बघितलं, पण ह्यांना गाताना मी ऐकलेलं नाही.

पुढं माझ्या भावजयीनं, दैवशालेनं, त्या कीर्तनाची लिंक पाठवली. सोबत लिहिलं, एक तास चौदा मिनिटांनंतर भाऊजी. मी उघडलं. नंतर जागा भरली म्हणून मीच सगळे मेसेज आणि हिस्ट्री पुसून टाकली, आणि दैवशालेचा मोबाईल हौदात पडला. टाकणाऱ्यानं वर नाव दिलेलं भलत्याच गावाचं, त्यामुळं शोधून सापडत नाही. राहिला तो एक टॅब. आणि तो तासाच्या आसपास गेला की मोबाईल गपकन अंधारायचा, मग परत नमनापासून. सहा वेळा मी ते नमन ऐकलं. एक तास चौदा मिनिटांपर्यंत एकदाही पोचले नाही.

हे सगळं ऐकून फहीम म्हणाला, "बाई, एवढंच ना? खालच्या रेघेवर बोट ठेवा, एक चौदापर्यंत सरकवा. झालं काम."

"कीर्तन सरकवत असतेत का रे?"

"मंग काय करतेत?"

"ऐकतेत."

फहीमनं महजबीनकडं बघितलं. ती कुणाच्या तरी मोबाईलवर काच बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "बराबर है चाचींचं. कुराणाची तिलावत करताना मधीच उठावं लागलं तर तुम्ही काय करता? निशाणी ठेवता आणि मंग मिटता. तसंच टाकून उठता का?"

"ते किताबाचं झालं."

"मंग इथं पण निशाणी हाय की. त्यालाच बुकमार्क म्हणतेत. चाची, निशाणी ठेवून मिटलं तर ते सोडलं असं होत न्हाई."

मला तर एकदम मोकळं वाटलं. आमच्या घरी पोथीत मोरपीस असतं. पारायणात उठायचं झालं की ते ठेवायचं आणि पोथी मिटायची. ह्याला कुणी अर्धवट सोडणं म्हणत नाही. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही आणि शहागडच्या पोरीनं काचेवरची धूळ पुसता पुसता सांगितली.

मग आम्ही दोघी बसलो. एक टॅब उघडायचा, निशाणी ठेवायची, मिटायचा. सगळीकडं पांढरा फेटा, हातात चिपळ्या, मागं टाळकरी. धावड्याचं ओळखायचं कसं, तर महाराजांच्या मागं माझ्या भावाचा लाल कूलर ठेवलेला, त्याचं एक चाक मोडल्यामुळं तो डावीकडं कललेला. त्र्याण्णवाव्या टॅबला कूलर दिसला.

"हाच," मी म्हणाले.

महजबीननं तिथं दोनदा निशाणी ठेवली आणि पत्ता दुकानाच्या वहीतही लिहून घेतला. "जुन्या ब्राउझरचा भरोसा न्हाई," म्हणाली.

तोवर फहीमला हुरूप आला होता. त्यानं आणखी दोन ब्राउझर टाकून दिले. "हा दुसरा, जाहिराती बिलकुल येऊ देत न्हाई. आणि हा तिसरा एकदम नवा, दोन महिने झाले येऊन. तिन्ही वापरा आणि सांगा कोण पहिला आला. मला पण गिऱ्हाइकाला सांगायला बरं."

त्यांची नावं परदेशी होती, माझ्या जिभेवर बसेनात. पण सप्त्यात आम्ही रोजच्या कीर्तनकाराची तुलना करतोच की, तोंडानं म्हणत नसलो तरी. मी तीच पद्धत धरली. तिघांनाही एकच कीर्तन, धावड्याचं, दुपारी जेवणानंतर, रोज एक. कुणाला झुकतं माप नको. अंगणवाडीची एक जुनी वही सापडली, पोरांच्या वजनाचे रकाने आखलेली. त्यात नाव, तारीख आणि 'प्रगती' एवढं तयारच होतं.

पहिल्या दिवशी जुना. टॅब हलके झाल्यामुळं तो बरा चालला. पण महाराज डोळे मिटून निरूपणाच्या ऐन गाभ्यात शिरले आणि कंबरदुखीच्या तेलाची बाई आली. ती गेली, महाराज परत आले, तर फरशी चिकटवायचा मसाला आला. छप्पन्नाव्या मिनिटाला चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. वहीत लिहिलं: आवाज गोड, पण विषय सोडून फार भटकतो. वजन कमी.

दुसऱ्या दिवशी दुसरा. हा कडक शिस्तीचा. एकही जाहिरात नाही. पण जाहिरात अडवता अडवता त्यानं महाराजांचं चित्रही अडवलं, नुसता आवाज. दर दहा मिनिटांनी इंग्रजीत काहीतरी परवानगी मागायचा. मी हो म्हणत राहिले. पाऊण तासानंतर मी बहुधा चुकून नाही म्हटलं, आणि तो बंद झाला. वहीत: वैराग्य मोठं, पण श्रोत्यांवर संशय.

तिसऱ्या दिवशी नवा. आमचे हे ओट्यावर बाजेवर पडलेले, डोळ्यांवर टॉवेल. मी उंबऱ्याशी बसले. नमन झालं, गजर झाला. अर्धा तास झाला. एकदा तेलाची बाई आली, पण पाच सेकंदांत आपणहून गेली. तास झाला. मोबाईल अंधारला नाही. दूध मी आधीच उतरवून ठेवलं होतं.

एक तास चौदा मिनिटं. गायकानं खोकून हात हलवला. महाराजांनी मागं वळून बघितलं. रांगेतल्या तिसऱ्या टाळकऱ्यानं तोंड उघडलं, टोपी नेहमीसारखी एका कानावर. आणि चाल इतकी वर धरली की दुसऱ्याच शब्दाला आवाज फाटला.

बाजेवर ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

'दोन ओळी म्हणल्या' एवढंच हे का सांगत होते, ते आत्ता कळलं मला.

पण महाराजांनी दुसऱ्या कुणाकडं बघितलं नाही. हसले, हात वर धरून तसेच उभे राहिले. मृदंगवाल्यानं ठेका चालू ठेवला. ह्यांनी टाळ कपाळाला लावले आणि परत धरली चाल, ह्या वेळी खालून. आता ती बसली. रांगेनं उचलली, मंडपानं उचलली. सदतीस वर्षं जेवताना मीठ मागणारा आवाज तो. तोच. फक्त आता देवापुढं उभा होता.

"फाटला ना," भिंतीकडूनच हे म्हणाले.

"फाटला. मंग जुळला."

"बास कर आता. बंद कर ते."

"गप बसा. अजून चाळीस मिनिटं कीर्तन हाय."

मी आरतीपर्यंत बसले. हेही बसले म्हणायचं, कारण घोरण्याचा आवाज आला नाही, आणि बाजेच्या कडेवर चार बोटं ठेका धरून होती. आरतीला मी उभी राहिले. वहीत लिहिलं: नवीन आहे, अजून शिकेल, पण शेवटपर्यंत साथ देतो. वजन उत्तम.

दुसऱ्या दिवशी फहीमनं वही वाचली आणि महजबीनला मोठ्यानं वाचून दाखवली. "'श्रोत्यांवर संशय,'" तो म्हणाला. "बाई, एवढं नेमकं तर कंपनीवाले पण सांगत न्हाईत."

"बाकीची एकशे सोळा कधी ऐकणार, चाची?" महजबीननं विचारलं.

"रोज एक. निशाण्या हैत ना."

फहीम खाकरला. "काका सकाळी येऊन गेले, सांगितलं का तुम्हाला? त्यांच्या मोबाईलवर पण तोच नवा टाकून घेतला. आणि दुकानाच्या वहीतला तो पत्ता पण."

मला काही बोलले नव्हते. संध्याकाळी मी चहा घेऊन मोसंबीच्या बागेत गेले. हे पाण्याचा पाइप बदलायचा सोडून बांधावर पाठमोरे बसलेले. हातात मोबाईल. महाराज नाहीत, नमन नाही, निरूपण नाही. थेट चाल चालू होती, तीसुद्धा फाटल्यानंतरची. संपली की ह्यांचा अंगठा मागं यायचा आणि परत तीच.

मी मागं जाऊन उभी राहिले. "कीर्तन सरकवून ऐकताय?"

हे दचकले नाहीत. कप घेतला, एक घोट प्यायले.

"पहिलं समदं तिथं उभं राहून ऐकलंय की मी," म्हणाले. "बस जरा. आता येईल बघ."