फावड्यापुढे मोजडी

मी एक जुनी रानमोजडी आहे, आणि मी जे सांगणार आहे ते कोणालाही खरं वाटणार नाही. नका मानू. माझं काही अडलेलं नाही.

फिनलंडच्या उत्तरेला, कुसामोच्या ओल्या स्प्रूसच्या रानात, शेवाळाच्या गादीत मी राहते. जातीनं ऑर्किड, उंची बोटभर, पान एक, फूल एक. गुलाबी, मोजडीच्या घाटाचं. एवढ्याशा जिवाला राग तो किती असावा? मित्रांनो, बर्फ वितळलं की मी मातीतून नव्हे, रागातूनच वर येते.

का, ते ऐका. शेवाळाखाली एक बुरशी आहे. तिनं भरवलं म्हणून धुळीएवढ्या बीची मी एवढी झाले. तिचे धागे तुटले की मी मेले. लोकांना याचं काय? येतात, पालथे पडून न्याहाळतात, "किती गोड" म्हणतात आणि उठताना माझ्या धाकट्या बहिणीवर गुडघा टेकतात. रेनडिअरनी तुडवल्या नसतील एवढ्या आम्ही कौतुकानं मेलो.

यंदा जूनमध्ये तर हद्द झाली. गावातली म्हातारी लेम्पी मावशी स्प्रूसचे कोवळे शेंडे खुडत होती. तिच्या बहिणीचा मुलगा उर्पो फावडं आणि बादली घेऊन थेट माझ्यापाशी आला.

"काय रे, बादली कशाला?"

"हिला नेतो, मावशी. नव्या सौना-न्हाणीच्या पायरीशी लावतो. बायको म्हणते, शोभेल."

"मेलेली शोभेल होय?"

"पाणी घालीन की."

"तुझ्या आजोबांनीही दोन नेल्या होत्या, पाणीही घातलं होतं. घालून घालून मारल्या दोन्ही. आणि गुन्हा आहे हा."

"पोलीस काय झुडपात बसलेत?"

फावडं शेवाळात रुतलं. माझ्या मुळाशी गार हवा शिरली. मावशी टोपली ठेवून खाली बसली.

"हिला सोडलंस, तर माझी हिल्लाची जागा सांगते."

हिल्ला म्हणजे दलदलीत पिकणारं सोनेरी फळ. त्याची जागा इकडे पोटच्या पोरालाही कोणी सांगत नाही.

उर्पो बघतच राहिला. "आई मरेपर्यंत विचारत होती. सख्ख्या बहिणीला नाही सांगितलीस."

"नाही सांगितली. आधी ते फावडं काढ."

त्यानं काढलं. तिनं त्याच्या कानात सांगितलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, तो त्या जागेपायी गेला. मुळीच नाही. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की फावड्याचं पातं वितळून थेंब थेंब गळलं, आणि गडी बादली टाकून पळत सुटला. म्हणून बजावते, मला खणू नका. बघायचं तर दोन पावलं लांबून बघा, गुडघा कुठे टेकतो ते आधी पाहा, नाहीतर माझा संताप...

"पुरे," माझ्या फुलात डोकं खुपसून बसलेला भुंगा म्हणाला. "फावडं खांद्यावर टाकून, शीळ घालत तो दलदलीकडे गेला. म्हातारी जागा गमावून अशी सुन्न घरी गेली की टोपलीसुद्धा विसरली. ती बघ, तुझ्या शेजारीच पडलीय. आणि तुझ्या या फुलात मधाचा थेंबही नाही."