अर्धा दम

शालिग्राम गुरुजी निवृत्त झाले, तरी पोरं काही त्यांना सुटली नाहीत. खामगावात त्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत रोज उजाडताना पंधरा-वीस पोरं जमत आणि गुरुजी त्यांना योगासनं शिकवत. आसन कसं दिसतं यापेक्षा आसनात कसं गेलं आणि कसं बाहेर आलं, हे ते पाहत.

"हात खाली आणताना त्याच्यासोबत खाली या. धाडकन सोडू नका. तो काय गोटा आहे?"

पोरं हसत. गुरुजी पुन्हा दाखवत, न चिडता. शिकवणीचा दुसरा भाग घरी करायचा असे. पाणी पिताना पाणीच प्यायचं, भाकर मोडताना भाकरीकडे पाहायचं, धाकट्याला हाक मारताना हाकेतसुद्धा धसमुसळेपणा करायचा नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या वैशाखात एका सकाळी शकूर येऊन पोरांच्या मागे उभा राहिला. चाळिशीचा माणूस, कधीकाळी गुरुजींच्याच हाताखाली चौथी झालेला.

"काय बे शकूर, कोणाले पोचवाले आला?"

"कोणाले नाई गुरुजी. मीच बसतो म्हन्तो."

पोरं खिदळली. गुरुजींनी त्याला बाजूला नेऊन विचारलं.

शकूर जिनमध्ये होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात हातांनी कापूस घालत राहायचं, हे त्याचं काम. गेली काही वर्षं त्याची छाती आवळून येत होती. सरत्या हंगामात तर तो काम सोडून दोनदा खाली बसला होता. जिन बंद होताना मुकादमानं सांगून टाकलं होतं, येत्या हंगामात असा बसलास तर दुसरा माणूस उभा करीन.

"दिवाळीपावतो मले दम पायजे, गुरुजी. तुमी पोरायले दम शिकवता, मले बी शिकवा."

"छाती केव्हा जास्त आवळते?"

"सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. बजाराची सुट्टी झाली का, कामावर गेल्यावर संध्याकाळी जीव जाते. मंग रोज-रोज गेलो का जरा बरं वाटते. सुट्टीच मले बाधते. म्हनून औंदा मी सुट्टीच्या दिवशी बी दुसऱ्याच्या पाळीत गेलो. मुकादम खूश झाला."

गुरुजींना ते पटलं. थांबलेलं शरीर आखडतं, हे त्यांनी जन्मभर सांगितलं होतं.

शकूर रोज येऊ लागला. श्वास आधी पोटात, मग बरगड्यांत, मग गळ्याखाली, सोडताना उलट. सुरुवातीला त्याला खोकला येई. पावसाळ्यात तो लोकांच्या शेतात निंदायला जाई, तिथेही विळा चालवताना श्वास पाही. हळूहळू खोकला कमी झाला. चालही बदलली. खांदे उतरले, पाय जपून पडू लागले.

त्याची बायको सलीमा गुरुजींच्या घरी डाळ भरडायला येई. ती म्हणाली, "काय केलं हो गुरुजी आमच्या मानसाले? पयले ताट आपटत होते. आता असं ठेवतात, जसं काय निजलेलं लेकरू. अन् भांडाले बसलं तं पयले दम घेतात. त्यायचा दम होईपावतो माह्यं भांडनच इसरून जाते."

"मग चांगलं नाही का?"

"चांगलं कशाचं? मले भांडाले कोनी उरलं नाई."

पण ती हसत होती. पोळ्यापर्यंत शकूर स्टेशनापर्यंत न थांबता जाऊन येऊ लागला. गुरुजी पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, असं शिकायचं. जिन इतके महिने बंद आहे, हे गुरुजींनाही ठाऊक होतं आणि शकूरलाही. दोघांपैकी कोणी ते लक्षात घेतलं नाही.

दसऱ्यानंतर जिन सुरू झाली. पहिल्या दिवशी शकूर सकाळी गुरुजींच्या पाया पडून गेला. मग तो आलाच नाही. आठवडा गेल्यावर गुरुजी स्वतः जिनमध्ये गेले.

आत सगळं पांढरं होतं. भिंती, छपराचे लोखंडी बार, माणसांच्या पापण्या. शकूर यंत्रापाशी उभा होता, शिकवलं होतं तसा. पाठ सरळ, खांदे सैल, नजर हातावर. कापसाची ओंजळ तो घाई न करता पुढे नेत होता आणि प्रत्येक ओंजळीबरोबर खोल, संथ श्वास घेत होता. छपरातून उन्हाचा एक पट्टा त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. त्या पट्ट्यात रुईचे बारीक तंतू तरंगत होते. शकूर श्वास घेई, तेव्हा ते वळून त्याच्या नाकाकडे जात.

गुरुजी पाहत राहिले. मग त्यांनाच खोकला आला.

पाणी प्यायच्या सुट्टीत दोघं बाहेर बसले. शकूरच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"शकूर, आत लांब श्वास घेऊ नको रे."

"काऊन? तुमीच तं शिकवलं."

"तिकडं शिकवलं. मोकळ्यात." गुरुजींनी बाहीवरची रुई झटकली. "आणि सुट्टी तुले बाधत नव्हती. सुट्टीत छाती थोडी उघडते. दुसऱ्या दिवशी आत गेला का बंद होते, म्हणून तुले कळते. रोज गेला का बंदच राहते, मग कळत नाही."



"म्हंजे मी सुट्टीच्या दिवशी बी आलो, ते..."

"हो."

"तोंडाले फडकं बांधलं होतं. ते भिजते, मंग दमच येत नाई." त्यानं पाण्याचा घोट घेतला, सावकाश. "पयले बरं होतं गुरुजी. दम अडकते एवढंच ठावं होतं. आता कुठून निंगाला, कुठं थांबला, किती आत नाई गेला, सारं कळते. दिवसभर कळते."

"सोड हे काम."

"मंग काय करू? वेचनी बायायची. हमाली कराले छाती लागते." तो उठला. "मले कमी दम घ्याचं शिकवा. एवढा हंगाम निंगाला पायजे."

"असं काही शिकवत नाहीत रे."

"तुमाले येते तं शिकवा."

दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधी शकूर आला. गुरुजींनी त्याला भिंतीला टेकवून बसवलं. पोट हलू द्यायचं नाही. नाकाच्या टोकाशी थोडा घ्यायचा, गळ्याखाली जाऊ द्यायचा नाही, तिथूनच परत. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. शकूर नीट लक्ष देऊन करत होता. असा शहाणा विद्यार्थी गुरुजींना क्वचितच मिळाला होता.

लवकर आलेली एक मुलगी समोर मांडी घालून बसली आणि तसाच श्वास घेऊ लागली.

"तू नाही," गुरुजी म्हणाले. "तू पोट भरून घे."

"मंग चाचा काऊन थोडासा घेते?"

शकूरचे ओठ निळसर दिसत होते. त्यानं एक घेतला, सोडला. आणखी एक.

"इतक्यानं दुपारपावतो भागंन काय?"

"भागेल."

"दुपारून?"

गुरुजींनी त्याच्या पोटावर हात ठेवला, ते हलत नाही ना हे पाहायला.

"पुन्हा घे," ते म्हणाले. "इतकाच."